दुसऱ्या सत्रातला हिवाळा: प्राथमिक वर्गात कला आणि संस्कृतीचे उपक्रम कसे घ्यावेत

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडते, तेव्हा परिपाठाला उभी राहिलेली मुले हात काखेत घालून कुडकुडत असतात आणि नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाच्या हाती दिनविशेषांची एक लांबलचक यादी आलेली असते. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत मी पहिली ते चौथीची मुले शिकवली आणि तिथले माझे पहिले दोन हिवाळे त्या यादीमागे धावण्यातच गेले. प्रत्येक तारखेला दोन भाषणे, एक फोटो, फोटो गटावर टाकला की आम्ही मोकळे. तिसऱ्या वर्षी मी क्रम उलटा केला. त्या आठवड्यात मुलांच्या घरात, चुलीवर आणि शिवारात काय चालले आहे ते आधी पाहायचे, त्यातून हाताने करण्यासारखे काय निघते ते ठरवायचे आणि यादीतली तारीख जुळली तर जुळवून घ्यायची, असा तो क्रम होता. पुढे दिलेली रीत त्यातूनच बसत गेली. ती ग्रामीण शाळेची आहे, पण शहरातल्या वर्गालाही थोड्या फेरफाराने चालेल.

१. नियोजन दिवाळीच्या आधी करा

ही पहिली पायरी बहुतेक जण चुकतात, कारण हिवाळ्याचे उपक्रम हिवाळ्यात ठरवायचे असेच आपल्याला वाटते. आमच्या भागातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. काही मुले आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जातात. सुट्टीनंतर तुम्ही वर्गात पाऊल टाकता तेव्हा पटावर तीस नावे आणि समोर बावीस मुले, अशी स्थिती असू शकते. जाणाऱ्या मुलांचा वाटा उपक्रमात राहावा असे वाटत असेल, तर त्यांच्याकडून चित्र, कापडाचा तुकडा, हाताचा ठसा असे काहीतरी सहामाही परीक्षेच्या आठवड्यातच घेऊन ठेवा.

नियोजनाचा तक्ता साधा असावा. एका रकान्यात तारखा लिहा: १४ नोव्हेंबर बालदिन, ३ जानेवारी सावित्रीबाई फुले जयंती, १२ जानेवारी राजमाता जिजाऊ जयंती, १३ जानेवारीच्या सुमारास भोगी, त्याच्या दुसऱ्या दिवशी संक्रांत आणि मग किंक्रांत, जिला काही भागांत ‘कर’ म्हणतात. संक्रांत सौर गणनेवर ठरत असल्यामुळे ती बहुधा १४ जानेवारीला आणि काही वर्षी १५ जानेवारीला येते, त्यामुळे दिनदर्शिका पाहूनच तारीख लिहा. शेजारच्या रकान्यात त्या वेळी गावात काय असते ते लिहा: खरिपाच्या ज्वारीचा कडबा, तुरीच्या आणि वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे, बोरे आणि जानेवारीत रब्बी ज्वारीचा हुरडा. माझ्या अनुभवात या दुसऱ्या रकान्यातूनच खरे उपक्रम निघतात.

२. कागदपत्रे आणि साहित्य एकदाच जमवा

पुढील गोष्टी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हाताशी असाव्यात.

कागदपत्रे:
– मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि खर्च होणार असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतली नोंद
– शाळेबाहेर जाण्यासाठी आणि छायाचित्रे काढण्यासाठी पालकांचे संमतीपत्र
– प्रत्येक मुलाचे आजार आणि खाण्यातली ॲलर्जी यांची नोंद. तीळ आणि शेंगदाणे यांविषयी स्वतंत्रपणे विचारा
– उपक्रम नोंदवही आणि पावत्यांचे पाकीट

साहित्य:
– घोटीव कागद, पतंगाच्या कागदाचे ताव, जुनी वर्तमानपत्रे
– गेरू, चुना, रांगोळी
– शिंप्याकडची कातरणे, जाड सुती दोरा, बोथट टोकाच्या व मोठ्या नेढ्याच्या लोकरीच्या सुया
– कडब्यातली जाड ताटे, बांबूच्या पातळ कामट्या
– एक मीटर लांबीची सरळ काठी, मोजपट्टी
– प्रथमोपचार पेटी

डिंकावर खर्च करू नका. मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवला की उत्तम खळ तयार होते आणि ती दोन दिवस टिकते. पुस्तकबांधणीवाले खळ टिकावी म्हणून तिच्यात मोरचूद घालतात; तो विषारी असल्यामुळे मुलांच्या हाती द्यायच्या खळीत अजिबात घालू नका. पहिलीतली मुले बोटे चाटतातच.

३. शब्दांपासून सुरुवात करा

पहिल्या आठवड्यात काहीही न बनवता फक्त शब्द गोळा करा. फळ्याच्या एका कोपऱ्यात ‘थंडीचे शब्द’ असे लिहून ठेवावे आणि मुलांनी घरून रोज एक शब्द आणावा, एवढाच नियम. हुडहुडी, गारठा, कडाका, दहिवर, धुई, शेकोटी, वाकळ, कानटोपी, बंडी असे शब्द येऊ लागले की मुलांना स्पर्धेचा नाद लागतो. घरात बंजारा, वडारी, दखनी किंवा आणखी कोणती बोली बोलली जात असेल, तर तिथला शब्द तसाच्या तसा फळ्यावर लिहा आणि ‘शुद्ध’ करू नका. ज्या मुलीने दोन महिने वर्गात तोंड उघडले नव्हते, तिने तांड्यावरून तिच्या आजीचा शब्द आणून तो सगळ्या वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतला, हे मी पाहिले आहे.

४. वर्गाची गोधडी शिवा

एकच मोठा उपक्रम करायचा असेल तर हा करा. याला सहा ते आठ आठवडे लागतात. आनंददायी शनिवारचा वेळ यासाठी राखून ठेवता येतो.

तिसरी-चौथीच्या प्रत्येक मुलाने घरातून एका जुन्या कपड्याचा तुकडा आणायचा आणि तो कपडा कोणाचा, कुठे घेतला, का फाटला हे घरी विचारून यायचे. तुकडा १७ सेंटीमीटर चौरस कापला की शिवणीचा भाग वगळून १५ सेंटीमीटरचा चौकोन उरतो. सहा ओळी, प्रत्येकीत पाच, असे तीस चौकोन जोडल्यावर ९० बाय ७५ सेंटीमीटरची गोधडी होते. खाली जुने लुगडे अस्तर म्हणून घ्यावे, त्यावर चौकोन मांडून कडेने टाचून घ्यावेत आणि मग मुलांनी आपापल्या चौकोनावर धावदोरा घालायचा. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती सुई देऊ नका. त्यांनी हीच गोधडी घोटीव कागदाच्या तुकड्यांनी भिंतीवर चिकटवावी.

सुयांचा हिशेब काटेकोर ठेवा. पुठ्ठ्यावर एक ते दहा आकडे लिहून प्रत्येक आकड्याजवळ एक सुई टोचून ठेवावी, एका वेळी दहाच मुलांनी शिवायला बसावे आणि दहाही सुया पुठ्ठ्यावर परत आल्याशिवाय कोणीही उठू नये. एकदा सात नंबरची सुई सापडेना म्हणून आम्ही सगळ्यांनी चटई झटकली, दप्तरे उलटी केली, आणि शेवटी ती माझ्याच पदराला अडकलेली निघाली. मुले तो प्रसंग वर्षभर सांगत होती. त्या दिवसापासून सुया मोजण्याचे काम मी त्यांच्याकडेच सोपवले.

इथे दोन सापळे आहेत. पहिला असा की काही घरांतून नवा, चकचकीत तुकडा येतो, कारण जुना पाठवायची लाज वाटते. पालकसभेत स्वतःच्या घरातला विटका तुकडा आधी दाखवलात तर हा संकोच सुटतो. दुसरा सापळा शिक्षकाच्या हातातच असतो. मुलांचे टाके वाकडेतिकडे पडतात, एखादा लांब तर एखादा गाठ पडलेला, आणि संध्याकाळी बसून ते उसवून नीट घालण्याचा मोह होतो. तसे केले की दुसऱ्या दिवशी मुलांना ते ताबडतोब कळते आणि त्यांचा हात आखडतो. वडिलांच्या बाह्यांच्या निळ्या कापडावर चौथीतल्या एका मुलाने घातलेला टाका चौकोनाच्या मध्यावरून सरळ खाली गेला होता. मी विचारले तर म्हणाला, ‘बाई, हा आमचा पाट आहे, याला पाणी येतं.’ मी तो टाका सरळ केला असता तर तो पाट बुजला असता.

५. कडब्याच्या ताटांची बैलगाडी

ज्वारीच्या ताटाची बाहेरची टणक साल आणि आतले हलके भेंड वेगळे करून मुले पूर्वी बैलगाड्या, चष्मे, पंखे बनवत. आता हे येणारे हात प्रामुख्याने आजोबांचे आहेत, म्हणून दोन-तीन आजोबांना शाळेत बोलवा आणि तुम्ही स्वतः मुलांबरोबर शिकायला बसा. साल सोलण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे, कारण तिची कड ब्लेडसारखी बोट कापते. ताटे आदल्या दिवशी ओल्या फडक्याने पुसून ठेवली तर अंगाला खाज सुटत नाही.

६. काठीची सावली मोजा आणि तिची रांगोळी काढा

‘संक्रांतीपासून दिवस मोठा होऊ लागतो’ हे वाक्य आपण परिपाठात सर्रास म्हणतो आणि ते चूक आहे. आपल्याकडे सर्वांत लहान दिवस २१ किंवा २२ डिसेंबरला असतो आणि त्यानंतर दिवस वाढू लागतो. फार पूर्वी मकर संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच सुमारास येत असे. पृथ्वीचा अक्ष अतिशय सावकाश डोलत असल्यामुळे त्या दोन गोष्टींमध्ये आता सुमारे तीन आठवड्यांचे अंतर पडले आहे. शिवाय महाराष्ट्रात जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्योदय उलट काही मिनिटे उशिरा होत जातो, आणि दिवस वाढतो तो मावळतीच्या बाजूने. एका मुलाने मला सरळ विचारले होते, ‘दिवस मोठा झाला तर शाळेत येताना जास्त अंधार कसा?’ त्या वेळी मला उत्तर देता आले नव्हते.

अंगणात एक मीटरची काठी उभी रोवून २० डिसेंबरपासून आठवड्यातून एकदा, सव्वाबारा ते पाऊण या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करा आणि सर्वांत आखूड सावली मोजा. घड्याळातल्या बारालाच मोजू नका, कारण आपल्याकडे सूर्य माथ्यावरची रेषा त्यानंतर ओलांडतो. बीड, अहिल्यानगर या पट्ट्यात २२ डिसेंबरला ही सावली सुमारे ९१ सेंटीमीटर, संक्रांतीला सुमारे ८५ आणि २६ जानेवारीला सुमारे ७८ सेंटीमीटर भरते. दर वेळची सावली वेगळ्या रंगाच्या रांगोळीने काढावी आणि तिच्या टोकाशी मुलांनी त्या आठवड्यात आलेले फूल किंवा शेंग चितारावी. पाऊस किंवा गुरे यांनी रांगोळी पुसली जाते, म्हणून मापे वहीत लगेच लिहून घ्या.

७. भोगी, सुगडे आणि तिळगूळ

‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण मुलांना घरून ठाऊक असते. भोगीच्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरच्या भाजीत काय काय पडते ते लिहून आणावे. वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे सोले, गाजर, वांगी, शेंगदाणे, तीळ अशा याद्या शेजारी शेजारी लावल्या की एकाच गावातल्या दोन आळ्यांतला फरक दिसतो. मग एकेक शेंग सोलून तिच्या आतले दाणे मोजत, डोळ्यांनी पाहून चित्र काढायचे. फळ्यावर शिक्षकाने काढलेल्या गाजराची नक्कल इथे नको.

सुगडांसाठी कुंभाराकडे जायचे असेल तर डिसेंबरातच जा. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात त्याला मान वर करायला सवड नसते आणि पंचवीस मुले चाकाभोवती उभी राहिली तर त्याची कच्ची भांडी फुटतात. आम्ही गेलो तेव्हा तीन फुटली आणि त्यांचे पैसे देऊन आलो. आणलेली सुगडे मुलांनी गेरू आणि चुन्याने रंगवावीत.

तिळगूळ वर्गात करायचा तर पाकाच्या वाटेला जाऊ नका. चिक्कीच्या गुळाचा पाक हाताला भाजतो आणि गार झाला की लाडू वळत नाहीत. अर्धा किलो तीळ आणि पाव किलो शेंगदाणे स्वयंपाकी ताईंकडून आधीच भाजून घ्यावेत, शेंगदाण्यांचा कूट करावा आणि अर्धा किलो साधा, मऊ गूळ किसून सगळे एकत्र कांडावे. वीस ग्रॅमचा एक लाडू धरला तर बासष्ट लाडू होतात. हे गणित चौथीच्या मुलांनाच करू द्या. अंगणवाडीतल्या भावंडांसाठी बोरन्हाण घेणार असाल तर डोक्यावरून चुरमुरेच ओतावेत, कारण हलवा, शेंगदाणे आणि बोरांच्या बिया लहानांच्या घशात अडकू शकतात.

या दिवसांत शाळेत मातांसाठी हळदीकुंकू ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. मी ती बंद करून सर्व मातांसाठी तिळगुळाचा कार्यक्रम ठेवला, कारण वर्गात दोन मुलांच्या आया विधवा होत्या आणि दोघी हळदीकुंकवाच्या दिवशी शाळेकडे फिरकल्या नव्हत्या. मुस्लिम घरांतल्या माताही नव्या कार्यक्रमाला आल्या. गावात कोणी हरकत घेतली तर भांडू नका. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आहे, ही माहिती समितीच्या बैठकीत ठेवा. माझ्याकडे तरी त्यानंतर विषय पुढे गेला नाही.

८. पतंग

पतंग विकत आणू नका, बनवा. ४० सेंटीमीटर चौरस कागदाला एका कर्णावर ५६ सेंटीमीटरचा कणा चिकटवायचा आणि त्याहून चार बोटे लांब कामटी कमानीसारखी वाकवून दुसऱ्या कर्णाच्या टोकांना बांधायची. कण्णी, म्हणजे उडवायचा दोरा जोडण्यासाठी पतंगाला बांधायचा दोऱ्याचा फास, नीट बांधणे हेच यातले खरे कौशल्य आहे. पतंग एका बाजूला गोते खाऊ लागला तर मुलांना कण्णी सोडून पुन्हा बांधू द्या, तुम्ही धावू नका. येवल्यात संक्रांतीला तीन दिवस पतंगोत्सव चालतो आणि तिथे मांजा गुंडाळायच्या साधनाला आसारी म्हणतात, तर इतरत्र चक्री किंवा फिरकी. हा शब्दही तिसऱ्या पायरीतल्या फळ्यावर जाऊ शकतो.

दोरा साधा शिवणाचाच हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये नायलॉन आणि इतर कृत्रिम धाग्यांच्या मांजावर देशभर बंदी घातली आहे, तरी बाजारात तो मिळतो आणि मोठ्या भावंडांकडून वर्गात येतो. उडवण्याआधी प्रत्येक दोरा हातात घेऊन तपासा. मैदान विजेच्या तारांपासून दूर असावे, आणि छतावर कोणत्याही परिस्थितीत जाऊ देऊ नका.

९. जयंत्या आणि पाहुणे

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातल्या नायगाव इथे झाला, हे मुलांना पाठ असते. त्या दिवशी मुलींना नऊवारी नेसवून फोटो काढण्याऐवजी मुलांना गावातल्या सर्वांत वयस्कर तीन बायकांकडे पाठवा आणि ‘तुम्ही शाळेत किती वर्षे गेलात?’ एवढाच प्रश्न विचारायला सांगा. उत्तरे मुलांनी त्यांच्याच भाषेत परिपाठात वाचावीत. आमच्याकडे एका आजीने शाळेची पायरीसुद्धा पाहिली नव्हती. तिला आम्ही बोलावून वर्गात बसवले, तर ती सगळा वेळ फळ्याकडे पाहत राहिली.

थंडीत पहाटे वासुदेव येतो. मोरपिसांची उंच टोपी, टाळ आणि चिपळ्या घेतलेला तो दिसला की त्याला शाळेत बोलवा, पण मानधन आधी ठरवा आणि गाणे पुरे होऊ द्या. मुलांना कागदी टोप्या घालून त्याची नक्कल करायला लावायची असेल तर ते तो गेल्यावर नव्हे, त्याला विचारून त्याच्यासमोरच करा.

१०. नोंदी ठेवा आणि गेलेल्या मुलांची जागा राखा

आकारिक मूल्यमापनात कला आणि कार्यानुभव यांच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. ‘उपक्रमात आवडीने सहभाग घेते’ हे वाक्य तीस मुलांपुढे लिहिण्यापेक्षा रोज दोन मुलांविषयी एकेक ओळ लिहा: कोणी कण्णी तिसऱ्यांदा बांधली, कोणी सावली मोजताना शून्याऐवजी एकपासून मोजले. केंद्रप्रमुख आले की अशी वही पुढे ठेवता येते. फोटो दिवसातून एकदाच, काम संपल्यावर काढा. कॅमेरा निघाला की मुले हातातले काम सोडून उभी राहतात.

फडावर गेलेल्या मुलांना वर्गाने पत्रे लिहावीत. पहिल्या वर्षी आम्ही कारखान्याच्या पत्त्यावर पोस्टकार्डे टाकली आणि एकही पोहोचले नाही, कारण टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर हलत असते. आता आम्ही सगळी पत्रे एका पाकिटात घालून गावाकडे येऊन परत निघणाऱ्या मुकादमाच्या हाती देतो आणि त्याच्याच मोबाइलवर उत्तर म्हणून मुलांचे आवाज येतात. एकाने उसाच्या पाचटाच्या खोपीतून सांगितले होते की इकडे रात्री फार गारठा आहे आणि माझा चौकोन कोणाला देऊ नका.

दिवाळीपूर्वी ज्यांचे तुकडे घ्यायचे राहून गेले, त्यांच्यासाठी गोधडीत कोरे चौकोन ठेवा आणि त्यांवर खडूने नावे लिहा. जानेवारी संपला की गोधडी कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पेटीत ठेवावी, पण सुयांचा पुठ्ठा आणि दोरा वरच्या फळीवर असू द्यावा. टोळ्या साधारण मार्च-एप्रिलमध्ये परततात आणि त्या वेळी वार्षिक परीक्षेची घाई असली, तरी एका चौकोनाला एक तास पुरतो.